सहा महिन्यांचं कुलूप

परवा जुने फोटो आवरताना २०१९च्या लडाख ट्रिपचा फोल्डर उघडला. टांडीच्या पेट्रोल पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' या पाटीपुढे आम्ही चौघं दात काढून उभे! इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं. तिथून सात-आठ किलोमीटरवर केलाँग. रात्रीचा मुक्काम, राजमा-भात, सकाळी बाइकची चेन साफ करून पुढे. आमच्या एक्सेल शीटमध्ये केलाँग हे गाव नव्हतंच, 'हॉल्ट' या कॉलममधली एक नोंद होती.

त्या मुक्कामातली एकच गोष्ट लक्षात राहिली. घरमालकीण आंटी भर जुलैत लाकडं रचत होत्या. "आंटी, आत्तापासून?" म्हटलं तर हसल्या. "हिवाळ्याला वेळ कुठे आहे?"

तेव्हा कळलं नाही. नंतर वाचत गेलो, तेव्हा कळलं.

केलाँग म्हणजे हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. भागा नदीच्या काठी, साधारण ३,१०० मीटर उंचीवर. मनाली आणि लाहौल यांच्यामध्ये रोहतांगची खिंड आहे, ३,९७८ मीटर. पावसाळी ढग बरेचसे तिच्या अलीकडेच अडतात, त्यामुळे पलीकडे पावसाळा नावालाच. शेतीला पाणी मिळतं ते वितळणाऱ्या बर्फाचं, 'कूल' म्हणतात त्या पाटांमधून. म्हणजे बघा, बर्फ नको म्हणायचीही सोय नाही. जास्त पडला तर रस्ता बंद आणि छपराला धोका. कमी पडला तर उन्हाळ्यात बटाटा आणि मटार वाळणार.

हाच बर्फ साधारण नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत खिंड बंद करायचा. मनालीकडे जायची वाट एकच, आणि तीच अर्धं वर्ष बंद. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. फरक इतकाच, की इथे फेल्युअर अपघात नव्हता. दरवर्षी ठरलेला होता, आणि सगळं जगणं तो धरूनच रचलेलं होतं. धान्य, चारा, लाकूड, सुकवलेली भाजी, सगळं आधी भरून ठेवायचं. घरं जाड भिंतींची आणि सपाट मातीच्या छपराची. खाली गुरं, वर माणसं. बर्फ पडला की छपरावर चढून फावड्यानं ढकलायचा, नाहीतर ओझ्यानं छप्पर बसायचं. सगळं घर एका खोलीत, पत्र्याच्या शेगडीभोवती. तिला तिथे तंदूर म्हणतात. हाल्डा, फागली हे मोठे सणही याच दिवसांत, कारण सगळे घरी आणि शेतात काम नाही.

या रिकाम्या वेळात एक गंमत घडली. १८५३ साली मोरावियन पंथाचे दोन जर्मन मिशनरी, हायडे आणि पागेल, मंगोलियाला जायला निघाले होते. रशियानं आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून ते हिंदुस्थानमार्गे आले. मग तिबेटनंही आत घेतलं नाही. शेवटी १८५६ मध्ये केलाँगलाच मुक्काम टाकला. हायडे तिथे चाळीसहून जास्त वर्षं राहिले! शिळाछपाईवर तिबेटी पुस्तकं काढली. धर्मप्रसार म्हणाल तर हाती फारसं लागलं नाही. पण त्यांच्या पत्नी मारिया यांनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवलं. लोकर होती, वेळ होता, फक्त सुयांची कमी होती. मनालीच्या बाजारात आपण रंगीत नक्षीचे लाहौली मोजे घेतो ना, त्यांचा उगम तिथे आहे. आज त्या मोज्यांना भौगोलिक मानांकनही आहे.

इथपर्यंत वाचून हिवाळा फार रोमँटिक वाटला मला. पण तसा तो नव्हता. १९७९च्या मार्चमध्ये लाहौलमध्ये लागोपाठ हिमस्खलनं झाली, दोनशेहून जास्त माणसं गेली. एरवीही हिवाळ्यात कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाचं अपेंडिक्स फुटलं, तर काय करायचं? नंतरच्या काळात सरकारी हेलिकॉप्टर आलं, पण हवा साफ असेल तर. नाहीतर खिंड चालत ओलांडायची. तसं निघणाऱ्यांसाठी प्रशासन मढी आणि कोकसरला बचाव चौक्या लावायचं.

म्हणून अटल बोगद्याकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. आपल्याला वाटतं तो सैन्यासाठी आणि पर्यटकांसाठी झाला. सैन्याचं कारण मोठं होतंच. पण १९९८ मध्ये लाहौलचे टशी दावा आपल्या जुन्या मित्राकडे, म्हणजे पंतप्रधान वाजपेयींकडे दिल्लीला गेले होते, ते हे सहा महिन्यांचं कुलूप काढा म्हणून सांगायला. जून २००० मध्ये वाजपेयींनी बोगद्याची घोषणा केली, तीही केलाँगमध्ये येऊन. खोदकामाची पायाभरणी २०१० मध्ये झाली. मग सेरी नाल्याखाली खडक इतका भुसभुशीत आणि पाणी इतकं, की जेमतेम ५८७ मीटर खणायला सुमारे चार वर्षं लागली. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. मनाली-केलाँग अंतर ४६ किलोमीटरनं कमी झालं. पण खरं अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच, ते महिन्यांत होतं.

२०२५च्या फेब्रुवारीअखेर मी पुन्हा गेलो. बोगदा पंधरा मिनिटांत पार! सिस्सूला गाड्यांची रांग, भाड्याचे गमबूट, मॅगी, सेल्फी. केलाँगला आंटींनी ओळखलं नाही, पण ठेवून घेतलं. म्हणाल्या, आदल्या वर्षी जानेवारी जवळपास कोरडा गेला, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्याच रात्री बर्फ सुरू झाला तो थांबेचना. वीज गेली, नेटवर्क गेलं, हिमस्खलनानं रस्ता बंद. सोमवारी माझा रिलीज होता. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो आणि आंटी शांतपणे तंदूरमध्ये लाकूड सारत होत्या. जुलैत रचलेलं.

"आंटी, आता बोगदा आहे ना, मग एवढी लाकडं कशाला?"

"बोगदा डोंगराच्या पोटातून जातो," त्या म्हणाल्या. "बर्फ वरून येतो."

मग स्वतःच म्हणाल्या, की त्यांची जाऊ एका हिवाळ्यात गेली. पोटात दुखत होतं, पाच दिवस हेलिकॉप्टर आलं नाही. आज बोगदा असता तर... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी रस्ता खुला झाला. रिलीज माझ्याशिवाय झाला होता, कुणाचं काही अडलं नाही. जुन्या एक्सेल शीटमध्ये केलाँगपुढे अजूनही 'हॉल्ट' लिहिलेलं आहे. आज ते बदलायला हवं.

असो. जायचं असेल तर हिवाळ्यात जरूर जा. फक्त दोन दिवस जास्तीचे ठेवा, आणि सिस्सूला मॅगी खाऊन परत फिरू नका.