समानुभूती

समानुभूती : दुसऱ्याची मनःस्थिती ओळखून ती काही अंशी स्वतः अनुभवणे, मात्र ती आपली नव्हे याचे भान न सोडणे. ‘परानुभूती’ असेही म्हणतात. सहानुभूतीत कणव असते. समानुभूती आनंदाची, भीतीची वा शरमेचीही असू शकते. व्यवहारात हा भेद क्वचितच पाळला जातो.

ही संज्ञा सौंदर्यशास्त्रातून आली. प्रेक्षक कलाकृतीत स्वतःची भावना ओततो, या अर्थाने रॉबर्ट फिशर यांनी १८७३ मध्ये ‘आइनफ्यूलुंग’ हा जर्मन शब्द वापरला. टेओडोर लिप्स यांनी तो माणसामाणसांतील आकलनापर्यंत नेला आणि १९०९ मध्ये एडवर्ड टिचनर यांनी त्यासाठी ‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द घडवला. संस्कृत काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ (काव्याशी समरस होणारा रसिक) ही कल्पना याच्या जवळची वाटते. तथापि भट्टनायकाच्या साधारणीकरणात भाव कोणा एकाचा राहत नाही, समानुभूतीत तो दुसऱ्याचाच राहतो. ॲडम स्मिथ यांनी १७५९ मध्ये नैतिक निर्णयाचा पाया मानलेली ‘सिंपथी’ बहुतांशी समानुभूतीच होय.

या वृत्तीची मुळे मानवापूर्वीची असावीत. मॅसरमन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात (१९६४) साखळी ओढली की रीसस माकडाला अन्न मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुसंख्य माकडांनी ती साखळी टाळून कमी अन्न देणारी दुसरी पत्करली. एकाने तर १२ दिवस कोणतीच ओढली नाही. स्वतः झटका सोसलेली माकडे हा संयम अधिक दाखवीत. शेजारी ओळखीचा असला तरीही तो वाढे. यामागे परहितबुद्धी होती की समोरचा त्रास पाहवत नव्हता इतकेच, याबाबत मतभेद आहेत.

अर्भके एकमेकांचे रडणे ऐकून रडतात. सांत्वनाची धडपड साधारणतः दुसऱ्या वर्षात दिसते.

तानिया सिंगर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १६ स्त्रियांचे मेंदूचित्रण केले. जोडीदाराला वेदना होत असल्याची खूण दिसताच त्यांच्या मेंदूतील वेदनेच्या भावनिक अंगाशी निगडित भाग सक्रिय झाले. वेदना नेमकी कोठे हे सांगणारे झाले नाहीत. २००६ च्या पुढील प्रयोगात खेळात अप्रामाणिक वागलेल्याबाबत पुरुषांमधील ही प्रतिक्रिया मंदावली.

समाजात परस्परसाहाय्य, संगोपन व शुश्रूषा यांना समानुभूतीचा आधार असतो, पण तिची पोच असमान असते. नाव व चेहरा असलेल्या एका पीडिताला जेवढी मदत मिळते, तेवढी आकडेवारीतल्या हजारोंना मिळत नाही. म्हणूनच सार्वजनिक धोरणात तिच्याऐवजी विवेकी करुणा असावी, असे पॉल ब्लूम यांनी २०१६ मध्ये प्रतिपादले. (पहा : करुणा, भूतदया.)