मुखपृष्ठावरील जपान आणि फहाहीलचे मोती

1896 साली फ्रँक मन्सी यांनी ‘आर्गसी’ हे अमेरिकन मासिक सर्वस्वी कथांना वाहून ते लगद्याच्या स्वस्त कागदावर छापावयास घेतले, आणि पुढे आतला कागद जितका भरड तितके वरचे चित्र भडक, अशी या धंद्याची वहिवाटच पडून गेली. रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठावर लुब्ध होऊन बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा उचलणाऱ्या मराठी वाचकास ही मोहिनी नव्याने वर्णन करून सांगावयास नको.

या चित्रबाजारात जपानचा चेहरा राजकारणाच्या वाऱ्यासरशी पालटत गेला. जॉन मार्क्वंड यांनी 1935 च्या सुमारास निर्माण केलेला मोटो हा विनयशील जपानी गुप्तहेर वाचकांचा लाडका झाला खरा. परंतु पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर त्याला लवकरच रजा मिळाली आणि 1950 नंतरच्या दशकातच तो परतला. मधल्या काळात सुळे विचकणारा शत्रू चित्रकारांच्या कुंचल्यातून उतरत राहिला, आणि युद्ध संपताच त्याची जागा किमोनो, कंदील व फुजी पर्वत यांनी घेतली. 1964 साली इयन फ्लेमिंग यांची ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ ही जेम्स बाँडची कादंबरी निघाली, तेव्हा रिचर्ड चॉपिंग यांनी मुखपृष्ठावर बेडूक, चतुर आणि शेवंतीची फुले रेखाटली. कथेत समुद्रात बुड्या मारून पोट भरणारी किसी सुझुकी मात्र आतल्या पानांतच राहिली.

ही बुडी मारणारी स्त्री, जिला जपानात ‘आमा’ म्हणतात, फहाहीलच्या इतिहासास फार निराळ्या वाटेने येऊन भिडते. कुवेतच्या दक्षिण किनाऱ्यावरील या कोळ्यांच्या व पाणबुड्यांच्या गावात उन्हाळा म्हणजे मोत्यांचा हंगाम. नाकाला चिमटा, गळ्यात जाळीची टोपली आणि पायाशी दगड बांधून ‘घैस’ तळाशी जाई, नि वर नावेत उभा राहिलेला ‘सैब’ त्याला दोरीने ओढून घेई. नाखुद्याकडून, म्हणजे नावेच्या कप्तानाकडून, घेतलेली उचल हंगामाच्या हिशेबात क्वचितच फिटे, आणि बापाचे कर्ज अनेकदा मुलाच्या माथी येई. माल मुंबईच्या बाजारात खपे, हिशेबही रुपयांतच चाले. कुवेतमध्ये रुपयाचे चलन 1961 पर्यंत टिकले.

इकडे 1893 साली तोबाच्या किनाऱ्यावर मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती पिकविला, आणि पुढे त्यांच्या शेतीसाठी शिंपले वेचण्याचे व पुन्हा तळाशी ठेवण्याचे काम याच आमा स्त्रिया करू लागल्या. 1920 नंतर पैदास केलेले गोल मोती युरोपच्या पेढ्यांत पोहोचले, त्यात 1929 ची मंदी आली, आणि आखातातील मोत्यांचा धंदा असा कोसळला की तो पुन्हा सावरलाच नाही. पुढे कुवेतमधील बुर्गानला 1938 मध्ये सापडलेले तेल 1946 पासून फहाहीलशेजारच्या अहमदी बंदरातून निर्यात होऊ लागले. जपानही या किनाऱ्यावर आला तो तेलासाठीच: त्याच्या अरेबियन ऑइल कंपनीने 1958 साली कुवेत व सौदी अरेबिया यांच्यामधील तटस्थ प्रदेशाच्या समुद्रासाठी कुवेतशी करार केला, आणि 1960 मध्ये खफजीला तेल लागले.

मुखपृष्ठांच्या चित्रकारांनी हेर पाहिला, शत्रू पाहिला, किमोनो पाहिला. परंतु ज्या जपानने फहाहीलचे भवितव्य पालटले तो शिंपल्यांच्या शेतीचा, चिकाटीचा आणि चोख व्यापाराचा जपान त्यांच्या कुंचल्यास कधी सुचला नाही. जुन्या पुस्तकांचा संग्रह करणाऱ्यांनी ती चित्रे अवश्य जपावीत, कारण त्यांत त्या काळच्या पाश्चात्त्य मनाची मोलाची कैफियत आहे. जपानविषयीची साक्ष मात्र मोत्यांच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांतच शोधावी.