शेरेबुकात न आलेली छपरी

माझा आजा चौथीपर्यंत शिकला. स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. आरमोरी तेव्हा मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात होती आणि आमचे खेडे आरमोरीपासून पायवाटेचे. वर्षभर आजा आणि महारवाड्यातील आणखी दोन पोरे शाळेच्या छपरीत बसत. वर्षातून एकदा डिप्टीसाहेब तपासणीला येत. त्या दिवशी गुरुजी या तिघांना वर्गात घेत, दाराजवळ बसवत. साहेब शेरा लिहून गेले की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा छपरी. आजा हे सांगताना हसायचा. 'सायेबाच्या दिवशी आमी मानसं होतो,' म्हणायचा.

गेल्या वर्षी तालुक्यातील मुख्याध्यापक व केंद्रप्रमुखांच्या एका प्रशिक्षणात मला बोलावणे आले. विषय होता शिक्षकांचे आणि मुख्याध्यापकांचे प्रभावी मूल्यमापन. दोन दिवस तक्ते, रकाने आणि गुण यांवर चर्चा झाली. मूल्यमापन करणाऱ्याने नेमके काय पाहायचे आणि त्याच्या डोळ्यांना काय दिसत नाही, हा प्रश्न मात्र कोणी काढला नाही. मला सारखा आजा आठवत होता. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने मांडतो आहे.

आपल्याकडील शाळातपासणीचा उगम १८५४ च्या वुडच्या खलित्यात आहे. या खलित्यातून शिक्षणखाते निर्माण झाले आणि त्याबरोबर तपासनीसही आले. सरकारी पैसा नीट खर्च होतो की नाही, हे पाहणे त्यांचे मुख्य काम. १८६२ मध्ये इंग्लंडात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. हिंदुस्थानातही अनुदानासाठी तिचे अनुकरण झाले. तपासनीस हा मोजणारा माणूस ठरला. किती हजर, किती पास. कोण आत बसले आणि कोण बाहेर, हे मोजण्याचा रकानाच नव्हता.

हे दुखणे प्रथम अचूक ओळखले ते जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेखीची व्यवस्था सदोष आणि अपुरी असल्याचे सांगितले. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग नाही, निदान तिमाहीला तपासणी व्हावी, शिवाय पूर्वसूचना न देता अधिकाऱ्यांनी शाळेत जावे, अशी त्यांची मागणी होती. पूर्वसूचना न देता! आजाची छपरी जोतीरावांना साठ वर्षे आधी दिसली होती. शिक्षक बहुतांशी ब्राह्मण आहेत, ते शेतकरी वर्गातून प्रशिक्षित होऊन यावेत, हेही त्यांनी त्याच निवेदनात मांडले. देखरेख आणि जात यांचा संबंध त्यांनी असा जोडून दाखवला.

शाहू महाराजांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ च्या आदेशांत त्यांनी अस्पृश्यांना समतेने वागवणे संस्थानच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक केले. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, असे बजावले. अधिकाऱ्याच्या वागणुकीलाच त्याच्या नोकरीची कसोटी करणारे असे दुसरे उदाहरण त्या काळात सहज सापडणार नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे मांडलेल्या शिक्षणविषयक निवेदनात सक्तीच्या शिक्षणाबरोबर शाळाप्रवेशाच्या कडक अंमलबजावणीचा आग्रह धरला. नियम कागदावर होतेच. ते पाळले जातात का, हे पाहणारा डोळा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर यंत्रणा वाढली. १९६२ मध्ये प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे आले. १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही कामे वेगळी करण्याची व अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली. १९७९ पासून दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था त्या नावाने काम करू लागली. तिनेच २०१५ मध्ये 'शाळासिद्धी' हा स्वयंमूल्यमापनाचा आराखडा दिला. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुख आले. यंत्रणेत उणीव राहिली ती दृष्टीची.

खाजगी शाळांत तर मूल्यमापन हे हत्यारच झाले. १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकाला संरक्षण दिले, गोपनीय अहवालाची रीत घालून दिली. परंतु शिक्षकाचा अहवाल मुख्याध्यापक लिहिणार आणि मुख्याध्यापकाचा संस्थाचालक, अशी ही उतरंड आहे. मुख्याध्यापकाची गुणवत्ता मग निष्ठेवर मोजली जाते आणि तोच मापदंड तो खाली लावतो. महाविद्यालयात येण्यापूर्वी मी एका शाळेत तीन वर्षे शिकवले. माझ्या वर्गाचा निकाल चांगला होता. १४ एप्रिलचा कार्यक्रम शाळेत घ्यावा असा मी आग्रह धरला. अहवालात शेरा पडला : 'संस्थेशी समरस होत नाहीत.' तो मला नोकरी सुटल्यावर कळला. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त प्रकरणात २००८ मध्येच सांगितले होते. तो निकाल सरकारी नोकराचा होता, त्यामागचे न्यायाचे तत्त्व मात्र सर्वांचे आहे.

आता आपल्या जंगलभागाकडे पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे पोरे आईबापांबरोबर मोह वेचायला जातात. परीक्षेचे दिवसही तेच. पावसाळ्यात रोवणीच्या काळात पुन्हा हजेरी घटते. अधिकारी हजेरीपट पाहतो आणि 'शिक्षक उदासीन' असे लिहितो. घरात गोंडी बोलणारे पोर पहिलीत गप्प बसते, त्यावर 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा येतो. याच्या उलटही घडते. पटावर सगळी नावे हजर, भिंती रंगवलेल्या, आणि शिक्षकाला 'उत्कृष्ट' शेरा. आजाच्या शाळेलाही चांगलाच शेरा मिळाला असणार.

म्हणून प्रशिक्षण द्यायचेच तर ते रकाने भरण्याचे नको. अधिकाऱ्याने पूर्ण तास वर्गात बसावे. गैरहजर कोण आणि का, हे वस्तीत जाऊन विचारावे. मागच्या रांगेतल्या पोराशी बोलावे. शेरा पुराव्यासह लिहावा, शिक्षकाच्या हातात द्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे. आणि लिहिणाऱ्याचेही मूल्यमापन व्हावे.

हे वरून होईल याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असावी, असे ठरवले आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख हे या समितीचे काम आहे. प्रत्यक्षात मोह वेचणारी आई ठरावावर अंगठा उमटवून घरी जाते. मूल्यमापनाचे पहिले प्रशिक्षण तिला मिळाले पाहिजे. ती पूर्वसूचना देऊन शाळेत येत नाही, ती रोजच शाळेसमोरून जाते. जोतीरावांना हवा असलेला तपासनीस तीच आहे.

कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या शाळेचे शेरेबुक मागून वाचावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. त्यात काय लिहिले आहे ते वाचाच. मग छपरीत जाऊन पाहा, तेथे आज कोण बसले आहे.