काळी चिमणी आणि साताऱ्याचं गोणपाट

साताऱ्यात शिकताना बाल भीमरावांना वर्गात वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. शाळेचा नोकर ते गोणपाट शिवत नसे. रोज घरी न्यायचं, परत आणायचं. ही १९०० च्या आसपासची गोष्ट.

१४ फेब्रुवारी २०१४ ला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. त्यात कैकाड्याचा सावळा जब्या गोऱ्या, सवर्ण शालूच्याच वर्गात बसतो. गोणपाट गेलं, अंतर राहिलं. सिनेमाभर दोघांत धड बोलणं नाही. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, म्हणून जब्या रानोमाळ भटकतो. जिथं त्याचा हात पोचू शकत नाही, तिथं राख पोचवायची आहे! पहिल्या प्रेमाच्या आड स्पर्शबंदीच उभी आहे.

काहीजण म्हणतात, अडचण गरिबीची आहे. जब्यालाही वाटतं, जीन्स घेतली की झालं. पण तो डुकरामागे धावताना गाव हसतं, शालूही हसते. तिथं जीन्सने काय झाकलं असतं?

डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीमाई आहेत. भिंत रंगली, गावाचं मन तसंच राहिलं. मित्रांनो, जयंतीला भिंती रंगवून भागणार नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आपल्याही दिशेने येतो.

जय भीम!