वार्धक्य, वेदना आणि कृती : ब्राउनिंग व आर्नल्ड

रॉबर्ट ब्राउनिंगची 'रब्बाय बेन एझ्रा' ही कविता १८६४ साली 'ड्रॅमॅटिस पर्सोनी' या संग्रहात आली. मॅथ्यू आर्नल्डची 'ग्रोइंग ओल्ड' १८६७ च्या 'न्यू पोएम्स'मध्ये. पहिली आशावादी, दुसरी निराशावादी, आणि दुसरी हे पहिलीचे उत्तर, असे समीकरण अध्यापनात रूढ झाले आहे. आर्नल्डच्या कवितेत ब्राउनिंगचा नामोल्लेख नाही. मात्र उंचावरून द्रष्ट्याच्या दृष्टीने जगाकडे पाहणे म्हणजे वार्धक्य नव्हे, असे ती बजावते तेव्हा रब्बायचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तरीही हे समीकरण अपुरेच आहे. या दोन कवींमधील प्रत्यक्ष वाङ्मयीन व्यवहार त्यामुळे झाकला जातो.

प्रकाशनसमयी ब्राउनिंग ५२ वर्षांचा, तर आर्नल्ड अवघा ४४ वर्षांचा होता. म्हणजे दोघांच्याही बाबतीत वार्धक्य हा अनुभवापेक्षा कल्पनेचा विषय अधिक. ब्राउनिंगने ही कल्पना बाराव्या शतकातील स्पेनमधील ज्यू पंडित अब्राहम इब्न एझ्रा याच्या मुखी घातली. बत्तीस कडव्यांच्या या स्वगतात तारुण्य हा आयुष्याचा अर्धाच भाग ठरतो आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार उत्तरायुष्याकडे जातो. कुंभार, चाक आणि पात्र ही प्रतिमा त्या युक्तिवादाचा कणा आहे. तो कुंभार वजा केला, की चाकाचे फिरणे निरर्थक होते. त्यामुळे या कवितेला सरसकट 'ब्राउनिंगचा आशावाद' म्हणणे सैलपणाचे आहे. ती एका श्रद्धावंताची भूमिका आहे, आणि ती श्रद्धा मान्य केली तरच वार्धक्याचे समर्थन उभे राहते.

आर्नल्डकडे असा कोणी पंडित नाही, कुंभारही नाही. पाच-पाच ओळींच्या सात कडव्यांत तो एकच प्रश्न विचारतो आणि एकेक उत्तर अपुरे ठरवीत जातो. (आपल्याकडील वाचकाला येथे 'नेति नेति'ची पद्धत आठवेल, परंतु येथे नकाराच्या शेवटी ब्रह्म नाही.) रूप गेले, बळ गेले, एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. आपण कधी तरुण होतो याची जाणीवच न उरणे, दुःखही अर्धवट आणि क्षीणपणे जाणवणे, हे त्याच्या लेखी खरे म्हातारपण. ज्या भर्तृहरीचे 'वैराग्यशतक' वामनपंडितांनी मराठीत आणले, त्याची तक्रार नेमकी उलट आहे. तेथे देह जीर्ण होतो आणि वासना टवटवीत राहते, म्हणून वैराग्याचा उपदेश संभवतो. आर्नल्डच्या म्हाताऱ्याजवळ त्याग करण्यासारखे काही उरलेलेच नाही. शेवटच्या कडव्यात जिवंत माणसाला दोष देणारे जग त्याच्या पोकळ भुताची वाहवा करते. हा उपरोध मला संपूर्ण कवितेत सर्वाधिक निर्दय वाटतो.

येथे आर्नल्डच्या १८५३ च्या प्रस्तावनेकडे वळावे लागते. ज्या दुःखाला कृतीत वाट मिळत नाही, जेथे सारे सोसायचेच असते आणि करण्यासारखे काही नसते, ते दुःख काव्यविषय होऊ शकत नाही, असा निर्णय त्याने तीत दिला होता. त्याच निकषावर 'एम्पेडोक्लीज ऑन एटना' ही आपली महत्त्वाची नाट्यकविता त्याने संग्रहातून वगळली. 'ग्रोइंग ओल्ड' हा या निर्णयाचा उघड भंग आहे, कारण तीत सोसण्यापलीकडे काहीही घडत नाही. एम्पेडोक्लीज निदान ज्वालामुखीत उडी तरी घेतो. या म्हाताऱ्याला तेवढीही कृती उपलब्ध नाही. समीक्षकाने घातलेला निर्बंध कवीने चौदा वर्षांनी मोडला. या घटनेचे मोल तथाकथित निराशावादाच्या चर्चेहून अधिक आहे.

आणि हा निर्बंध सैल होण्यात ब्राउनिंगचा हात होता. 'न्यू पोएम्स'मध्ये 'एम्पेडोक्लीज' पुन्हा समाविष्ट झाली ती त्याच्याच विनंतीवरून. ज्याला आपण आर्नल्डचा प्रतिपक्षी म्हणून शिकवतो, त्याच कवीला ती निराश, कृतिशून्य म्हणून टाकलेली रचना परत हवी होती. आर्नल्डने संग्रहातील टिपेत हे ऋण ब्राउनिंगचे नाव घेऊन मान्य केले. कवितेची पहिली आवृत्ती पन्नास प्रतीही खपण्यापूर्वीच मागे घेतली गेली होती, असेही त्याच टिपेत त्याने नमूद केले आहे.