गेटवर लाल, चाळीत भगवा

५ जून १९७०च्या रात्री लालबागमध्ये कृष्णा देसाईंचा खून झाला. देसाई परळचे आमदार, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. वस्तीतली तरुण पोरं हाताशी धरून असलेला दांडगा माणूस. पुढे खटला चालला आणि शिवसेनेशी संबंधित तरुणांना शिक्षा झाल्या.

त्यांच्या जागेवर ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभं केलं. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. चार महिन्यांपूर्वी नवरा मारला गेलेली बाई, तीही गिरणगावात, लाल बावट्यावर. कुणीही म्हणेल, सहानुभूतीची लाट येणार. महाडिक १,६७९ मतांनी जिंकले. शिवसेनेचा तो पहिला आमदार.

हे कसं झालं? याची ठरलेली उत्तरं आहेत. डाव्यांचं उत्तर, कामगाराची दिशाभूल झाली. सेनेचं उत्तर, मराठी माणूस जागा झाला. मला ही दोन्ही उत्तरं सारखीच उद्धट वाटतात. एकात कामगार भोळा आहे, दुसऱ्यात तो आधी झोपलेला होता. तिसरं उत्तर भीतीचं. ते खोटं नाही. डिसेंबर १९६७मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झालाच होता. पण मतपेटीपाशी माणूस एकटा असतो. भीतीने सभा ओस पडतात. तीस हजारांहून जास्त मतं निव्वळ भीतीने पडत नाहीत.

त्यासाठी आधी चाळीत शिरावं लागतं. गिरणीत माणूस पाळीचे आठ तास असायचा. उरलेला दिवस दहा बाय दहाच्या खोलीत, गॅलरीत, नळावर, नाक्यावर. रत्नागिरी, साताऱ्याहून आलेले एकाच गावचे गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, जेवायला खानावळवालीकडे जायचे. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला, तो याच जाळ्याच्या जोरावर. वाण्याची उधारी, खानावळवालीचा धीर, गावाकडून आलेले तांदूळ, तालमीतली पोरं. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने हे तपशिलाने दाखवलं आहे: संपाची ताकद गेटवर दिसायची, पण ती तयार व्हायची नाक्यावर. म्हणजे ज्याला आपण वर्गजाणीव म्हणतो, तिच्या पोटात गाव होतं, नातं होतं, भाषा होती.

आणि जातही होती. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याची उष्टी कांडी सवर्ण विणकऱ्याला चालत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपात नेत्यांना हेच विचारलं: तुमच्या मागण्यांत ही का नाही? जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्यांच्या खात्यात शेजारचा कामगार ‘आपला’ नव्हता. १९३८ साली ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, हेही खरं. पण ‘आपण’ या शब्दाची हद्द कुठे संपते, हा प्रश्न गिरणगावाला सेनेच्या चाळीस वर्षं आधीच पडलेला होता.

आता संयुक्त महाराष्ट्राकडे बघा. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख डफावर थाप मारायचे तेव्हा समोरच्या माणसाला कामगार आणि मराठी अशी निवड करावी लागत नव्हती. डांगे, अत्रे, प्रबोधनकार एका मंचावर होते. मालक गुजराती किंवा पारशी, कामगार बहुतेक मराठी. वर्ग आणि भाषा एकाच सदऱ्याला दोन खिसे असावेत तसे. १ मे १९६०ला राज्य झालं. कामगार दिन तोच, महाराष्ट्र दिन तोच. समितीत मग फाटाफूट झाली, आणि ‘आपण मराठी’ ही भावना घर शोधत राहिली. डाव्यांना वाटलं ती आपल्याच घरात आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘मार्मिक’ निघालं. त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून यायच्या. लेख नाही, युक्तिवाद नाही, फक्त नावं. एस.एस.सी. होऊन नोकरीसाठी वणवण करणाऱ्या गिरणी कामगाराच्या मुलाला यादी वाचायला मार्क्स लागत नव्हता. १९६६ साली सेना स्थापन झाली. शाखा आली, शाखेबाहेर फळा आला. नळाला पाणी नाही, दवाखान्यात खाट हवी, नोकरीसाठी चिठ्ठी हवी, तर शाखेत जा. युनियनकडे पोराच्या बापासाठी बोनसचा लढा होता. पोरासाठी काय होतं?

योगायोग असा की त्याच १९७० साली हेन्री ताशफेल या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या कैदेत पडला होता. तो सुटला तेव्हा त्याचं जवळजवळ सगळं कुटुंब मारलं गेलेलं होतं. त्याने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कांडिन्स्की यांची चित्रं दाखवली. मग तू क्लेवाला, तू कांडिन्स्कीवाला, असं सांगितलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. नंतर इतर मुलांना पैसे वाटायला दिले, स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा जास्त हवेत, असा त्यांचा कल निघाला.

नुसत्या नावाच्या गटाने एवढं होतं, तर भाषा, नाक्यावरचा गणपती, दहीहंडी आणि बेकारी यांनी बांधलेल्या गटाचं काय? आणि माणूस एकाच गटात राहत नाही. गेटवर तो कामगार, घरी मराठी, गावी कुणबी किंवा मराठा. प्रश्न कुठे विचारला यावर उत्तर कोण देणार ते ठरतं. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. संप मोडल्यावरही, १९८४च्या काँग्रेस लाटेत, या पट्ट्याने सामंतांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. काही महिन्यांत, १९८५ साली, मुंबई महापालिका शिवसेनेकडे गेली. त्याला कुणी गोंधळ म्हणेल. मला तो गोंधळ वाटत नाही. दिल्लीत कामगार गेला, वॉर्डात मराठी.

मात्र ताशफेलच्या मुलांनी काही पेन्स इकडचे तिकडे केले होते. लालबागमध्ये माणूस मारला गेला. झुकत्या मापापासून हत्यारापर्यंतचा रस्ता आपोआप कापला जात नाही; कुणीतरी भाषणं केली, कुणीतरी ऐकून टाळ्या वाजवल्या, कुणीतरी सत्तेवर बसून काणाडोळा केला. मानसशास्त्र मत समजावून देतं. खून समजावून द्यायला ते कुणी वापरलं की मी सावध होतो.

महाडिकांना ३१,५९२ मतं पडली, सरोजिनी देसाईंना २९,९१३. १,६७९चा फरक परळ-लालबागच्या चाळींत वाटला, तर एकेका चाळीच्या वाट्याला अगदी मोजकी माणसं येतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा दोन्हीकडचे हंडे एकाच रांगेत होते. कुणाचं मत कुठे पडलं, ते बहुतेक सगळ्यांना ठाऊक होतं.