पर्वतीचा झरोका आणि खडकीचें रण

पर्वतीवरील देवस्थानाच्या तटांत एक झरोका आहे. त्यांतून दुसऱ्या बाजीरावानें खडकीच्या लढाईंतील आपल्या सैन्याचा पराभव पाहिला, असें दर्शनास येणाऱ्यांस सांगण्याचा प्रघात आहे. ही जनश्रुति कितपत ग्राह्य धरावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

श्रीदेवदेवेश्वराची स्थापना नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं केली, पानिपतानंतर ता. २३ जून १७६१ रोजीं त्यांचा अंतहि याच टेकडीवर झाला. खडकीची लढाई आश्विन वद्य ११ शके १७३९, म्हणजे ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं झाली. खडकी व गणेशखिंड यांमधील माळ ही तिची रणभूमि. गणेशखिंडींत १९४९ पासून पुणें विद्यापीठ नांदत आहे.

स्थळ पाहिल्यावांचून निर्णय करूं नये म्हणून आम्ही खडकीहून निघून, शहराच्या गर्दींतून वाट काढीत, पर्वतीच्या पायऱ्या चढलों. देवदर्शन घेऊन उत्तरेकडे दृष्टि टाकली. मध्यें इमारतींची दाटी झाली आहे. तथापि अंतर कळण्यास अडचण पडत नाहीं. तें सरळ रेषेनें सुमारें दोन कोस भरतें. इतक्या अंतरावरून तोफांचा धूर व धूळ दिसावी, तोफांचा आवाज ऐकूं यावा. परंतु कोणती पलटण हटली व कोण पडला, हें नुसत्या डोळ्यांस कळणें शक्य नाहीं.

आतां लेखी प्रमाण पाहूं. ग्रँट डफच्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत पेशवे त्या दिवशीं पर्वतीवर होते, असें स्पष्ट आहे. तेथून त्यांनीं बापू गोखल्यांस निरोप धाडला कीं, पहिली तोफ आपण डागूं नये. जासूद येतांना पाहून गोखल्यांनीं निरोपाचा आशय ताडला व तो पोंचण्यापूर्वींच नऊ तोफांचा मारा सुरू केला.

म्हणून आमचें मत असें: पेशव्यांचें पर्वतीवरील वास्तव्य सिद्ध आहे, झरोक्याची गोष्ट मात्र जनश्रुति याच सदरांत ठेवावी. ती भित्रेपणाचा पुरावा म्हणून पुढें करण्यांत येते, पण भित्रेपणा झरोक्यानें सिद्ध होत नाहीं. हुकूम देणारा व लढणारा यांमध्यें दोन कोसांचें अंतर होतें, आणि दोघांचें मन एक नव्हतें, हेंच त्या दिवसाचें मर्म. तें निरोपावरून कळतें. देवालयाची टेकडी त्यास अंतराची साक्ष देते.

संग्राहकांस विनंति कीं, आश्विन शके १७३९ मधील पर्वतीहून लिहिलेलें एखादें पत्र दप्तरांत आढळल्यास त्याची नक्कल अवश्य प्रसिद्ध करावी. मात्र जुन्या कागदांत नुसत्या ‘खडकी’ या नांवावर विसंबूं नये. मलिकंबरानें १६१० सालीं वसविलेलें, पुढें औरंगाबाद व आतां छत्रपति संभाजीनगर म्हणून ओळखलें जाणारें शहरहि मुळांत खडकीच होय. मिति व आजूबाजूचीं गांवें पाहूनच निर्णय करावा.